भरपाईच्या दाव्याची पूर्वपीठिका

द्रोणागिरीच्या डोंगराविषयी आपल्याकडे एक कथा सांगतात. मारुतिराय संजीवनीसाठी द्रोणागिरी उचलून लंकेकडे निघाले असता त्याचा एक तुकडा उरणच्या किनाऱ्यावर गळून पडला, तोच हा डोंगर. इतिहासाचा विद्यार्थी अशा कथेला पुरावा मागत नाही. ती ऐकून घेतो आणि पुढे जातो. परंतु गेली काही वर्षे ही कथा आठवली की आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते. जेथे संजीवनी पडली म्हणतात, त्या डोंगराच्या पायथ्याशी कंटेनरची आवारे पसरली आहेत, आणि तेथे हात दुखावलेले, बोटे गमावलेले लोक पनवेल-उरणच्या दवाखान्यांतून येरझारा घालताना दिसतात.

वसंत व्याख्यानमालेत, लोक दिवसभराच्या उकाड्यानंतर चार घटका विसाव्यासाठी येतात तेथे, अपघाताचा विषय काढणे रसिकतेला धरून नाही, हे आम्ही जाणून आहो. पण विषय आम्ही शोधला नाही, तोच आमच्या ओटीवर येऊन बसला. आमच्या शेजारचा एक तरुण, वय पस्तीस, एका आवारात ठेकेदाराकडे कामाला होता. कंटेनरचे दार बंद करताना दाराच्या दांड्यात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा सापडला आणि मुळापासून काढावा लागला. काही महिन्यांनी तो प्लास्टिकची एक पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, तारीख पडलीय. काय काय न्यायचं?"

पिशवीत दवाखान्यातून सोडल्याचा कागद होता, औषधांच्या पावत्या होत्या, गेटपासची एक चुरगळलेली प्रत होती आणि पगाराच्या दोन चिठ्ठ्या होत्या. आम्ही वकील नाही. परंतु त्याचा प्रश्न आम्हांस कायद्यापेक्षा इतिहासाचा वाटला. 'काय काय न्यायचे' ह्याचे उत्तर कोणी एका दिवसात ठरविले नाही. त्यातील एकेक कागदामागे कुणाची तरी बुडालेली होडी आहे, कुणाचा तरी तुटलेला हात आहे.

जमिनीच्या मोबदल्याचा लढा आपल्या भागात सर्वांस पाठ आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसे गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा मार्ग निघाला. लहान पोरालाही दि. बा. पाटलांचे नाव ठाऊक आहे. त्या मानाने हाताच्या मोबदल्याविषयी आम्ही फार थोडे बोलतो. ह्याचे एक कारण असे की जमिनीला सातबारा असतो, हाताला नसतो. हात गेल्यावर तो आपला होता, धडधाकट होता, अमक्याच्या कामात गेला आणि महिन्याला इतके मिळवून देत होता, हे सर्व नव्याने सिद्ध करावे लागते. सुनावणीची तयारी म्हणजे गेलेल्या हाताचा सातबारा तयार करणे होय.

आता थोडे मागे जाऊ. गिरण्या निघाल्या, यंत्रे आली, त्या काळी यंत्रात सापडलेल्या मजुराने मालकावर दावा लावायचा म्हणजे मालकाची चूक दाखवून द्यावी लागे. इंग्लंडात १८३७ साली एक खटला गाजला. एका खाटकाच्या नोकराला मालाने खच्चून भरलेल्या गाडीवरून पाठविले होते. गाडी मोडली आणि त्याची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड दिले, पण वरिष्ठ न्यायालयाने ते काढून घेतले. मालकाने नोकराची काळजी स्वतःपेक्षा अधिक घ्यावी असे काही नाही, आणि नोकराने जोखीम ओळखूनच काम पत्करलेले असते, असा न्यायाधीशांचा विचार होता. पुढे ह्याच विचारातून असे तत्त्व रूढ झाले की एका नोकराच्या हलगर्जीने दुसऱ्याला इजा झाली तर मालक तिला बांधील नाही. गिरणीत तर अपघात बहुधा कोणत्या तरी सोबत्याच्याच हातून व्हायचा! म्हणजे दावा उभा राहण्यापूर्वीच मोडलेला. आपल्याकडे १८५५ चा एक कायदा होता, त्याने मेलेल्याच्या वारसांना दिवाणी दाव्याची वाट दिली. पण तेथेही चूक सिद्ध करणे आलेच. आणि गिरणीतल्या मजुराच्या विधवेने दिवाणी दावा लावायचा तो कोणाच्या पैशांवर?

अशा वेळी, १८८४ च्या सप्टेंबरात, मुंबईत परळच्या सुपारीबागेत गिरणीकामगारांची सभा भरली. भरविणारे नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्यात जन्मलेले, काही काळ गिरणीत नोकरी केलेले, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. त्या वर्षी सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे ठेवण्यासाठी जो अर्ज तयार झाला त्यावर सुमारे ५५०० कामगारांच्या सह्या नि अंगठे होते. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, ह्या मागण्यांविषयी शाळेतही शिकवितात. पण त्यातील आणखी एक मागणी फारशी कोणी सांगत नाही. काम करताना ज्याला भारी इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. त्यात मालकाच्या चुकीची अट कोठेही घातलेली नाही, हे विशेष.

हे आम्ही मुद्दाम थांबून सांगतो. त्याच १८८४ च्या जुलै महिन्यात जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा मंजूर करून घेतला. चूक कोणाची हे न पाहता जखमी कामगाराला पैसे द्यायचे, हे तत्त्व त्यात होते. बर्लिनमध्ये जे पंतप्रधानाने केले, तेच दोन महिन्यांनी परळच्या मैदानावर अंगठे उठविणाऱ्या लोकांनी मागितले. त्यांना बर्लिनची खबर होती की नव्हती, हा मुद्दा गौण आहे. अपघात ज्याच्या अंगावर येतो त्याला ही गोष्ट आपोआप सुचते. जर्मनांना कायदा तेव्हाच मिळाला. इंग्लंडला १८९७ साली. आपल्याला त्यानंतरही पाव शतक थांबावे लागले.

तो कायदा ५ मार्च १९२३ रोजी मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या वेळी मध्यवर्ती विधिमंडळात मजुरांच्या वतीने बोलणारे गृहस्थ आपल्याच जिल्ह्याचे होते. नारायण मल्हार जोशी ह्यांचा जन्म १८७९ साली माणगाव तालुक्यातील गोरेगावचा. त्या वेळचा कुलाबा, १९८१ पासूनचा रायगड. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला ते हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून गेले, आणि १९२१ पासून पंचवीसएक वर्षे सरकारनियुक्त मजूर सभासद म्हणून विधिमंडळात राहिले. सरकारने नेमलेला माणूस मजुरांचा कसा, अशी टीका तेव्हाही होत असे. कागद वाचले की टीका फारशी टिकत नाही.

१९२३ चा कायदा मात्र कृपणच होता. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, ह्यांतील जे कमी ते. कायमचा पूर्ण अपंग झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, पुन्हा जे कमी ते. इजा दहा दिवसांच्या आत बरी झाली तर काहीच नाही. दावा सहा महिन्यांत करायचा. सगळ्या मजुरांना तो लागूही नव्हता. कारखाने, खाणी, रेल्वे, गोद्या असे निवडक धंदे. पुढे त्या दहा दिवसांचे १९३३ साली सात झाले आणि १९५९ साली तीन. दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून वर्षावर आणि १९६२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांवर गेली. 'जे कमी ते' ह्याचे पुढे 'जे जास्त ते' झाले. ह्या तीन शब्दांच्या उलटापालटीला किती सभा आणि किती संप लागले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पण त्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली, ती कबूल करावयास हवी. मालकाची चूक दाखविण्याचे ओझे त्याने मजुराच्या डोक्यावरून उतरविले. येथेच पुष्कळांची फसगत होते. चूक दाखवावी लागत नाही म्हणजे काहीच दाखवावे लागत नाही, असे लोक समजतात आणि तारखेला रिकाम्या हाताने जातात. आपण त्या मालकाचे कामगार होतो, अपघात झाला, तो कामातून आणि काम चालू असताना झाला, आणि आपला पगार इतका होता, हे दाखविणे कामगाराकडेच राहिले. आमच्या शेजाऱ्याच्या पिशवीकडे आम्ही ह्या नजरेने पाहू लागलो, तेव्हा गेटपासची ती चुरगळलेली प्रत आम्हांस सर्वांत मौल्यवान वाटली.

कारण पहिला प्रश्न मालक कोण, हा. द्रोणागिरीकडे हा प्रश्न सोपा नाही. न्हावाशेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. भातशेती, खाजणे आणि मिठागरे होती तेथे गोदामे झाली. आवार एकाचे, माल दुसऱ्याचा, ट्रेलर तिसऱ्याचा, माणसे पुरविणारा चौथा, आणि त्या चौथ्याचा मुकादम पाचवा. अपघात झाला की पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवितात. कायद्याने ही अडचण १९२३ सालीच ओळखली होती. ज्याच्या धंद्याचे काम, ज्याच्या जागेत वा ताब्यात, तो मुख्य धनी ठेकेदाराच्या माणसालाही भरपाई देण्यास बांधील आहे. मग ठेकेदाराकडून ती त्याने वसूल करावी. म्हणून अर्जात ठेकेदाराबरोबर आवाराच्या धन्याचेही नाव घालायचे असते. नुसता ठेकेदार धरला आणि तो पाटी बदलून गेला की दाव्याला दार उरत नाही. हंगामी, रोजंदारी माणसाला हा कायदा बरीच वर्षे नीट लागू नव्हता. २००० सालच्या दुरुस्तीने ती सबब काढून टाकली. गेटपास, हजेरीपटाचा फोटो, मुकादमाने मोबाइलवर पाठविलेला 'उद्या दुसरी पाळी' असा निरोप, ह्यांची किंमत आता ध्यानात यावी.

येथे एक फाटा आहे, तो आधी तपासावा. कामगार राज्य विमा योजनेखाली विमा उतरलेला असेल तर त्याच इजेसाठी मालकाविरुद्ध हा दावा चालत नाही. हक्क विमा महामंडळाकडे मागायचा. १९४८ च्या कायद्याने आलेली ती योजना मुंबईत १९५४ साली सुरू झाली. पगारातून तिची वर्गणी कापली जात होती की नाही, हे पगाराच्या चिठ्ठीवर पाहावे. आमच्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर तसली कपात नव्हती.

दुसरा प्रश्न अपघात कामातून झाला काय, हा. ह्यावरचे खटले आम्ही आवडीने वाचले, आणि आवडीने म्हणताना मन खाते, कारण प्रत्येकात कोणीतरी गेलेले आहे. पोरबंदरजवळच्या एका मिठागरातील मजूर १९५२ साली काम संपवून घरी निघाले. वाटेत रेताड पट्टा, मग खाडी. खाडी तरीने ओलांडायची. वादळी हवा, होडीत माणसे जास्त, होडी उलटली आणि काहीजण बुडाले. वारसांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५८ साली निकाल लागला तो विरुद्ध. न्यायालयाने असे मानले की कामाची जागा काही वेळा प्रत्यक्ष आवाराबाहेरही थोडी पसरते, हे खरे. पण ती होडी सार्वजनिक होती, वाट सर्वांची होती, आणि तेथे ते मजूर इतर कोणत्याही प्रवाशासारखे होते. उरण-करंजा भागात ज्यांच्या वाडवडिलांनी मिठागरांत घाम गाळला त्यांना हा निकाल ऐकून काय वाटेल, हे सांगावयास नको. सार्वजनिक होडीखेरीज दुसरी होडी त्या मजुरांना होती कोठे?

पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच न्यायालयापुढे मुंबईचे प्रकरण आले. बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरीच्या आगारात पाळी संपवून दुसऱ्या बेस्ट बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो पुढे दवाखान्यात वारला. बहुमताने निकाल विधवेच्या बाजूने लागला. गणवेशातील चालकाला बसने फुकट जाण्याची सवलत ही सेवेच्याच सोयीसाठी होती, म्हणून तो प्रवास कामाचा भाग ठरला. एका न्यायमूर्तींचे मत वेगळे होते. होडी आणि बस ह्यांतला फरक तो केवढा, तर वाहन कोणाचे आणि सवलत कोणी दिली एवढाच. म्हणून आम्ही शेजाऱ्यांना सांगत असतो की कंपनीच्या गाडीने जाता-येता का, ती गाडी कोण पाठवितो, ह्याची नोंद कोठेतरी असू द्या.

तिसरे प्रकरण पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. 'द्वारका' नावाच्या आगबोटीवरचा एक खलाशी डिसेंबर १९६१ मध्ये रात्री बोटीवर दिसला आणि पहाटे नाहीसा झाला. आधी त्याने छातीत दुखत असल्याची तक्रार केली होती. तो तोल जाऊन समुद्रात पडला, त्याने उडी मारली, की आणखी काही झाले, ह्याला साक्षीदार नव्हता. मुंबईच्या आयुक्तांनी दावा फेटाळला, उच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फेटाळला. प्रत्यक्ष पुरावाच हवा असे नाही, अनुमानही चालते, पण ते सिद्ध झालेल्या गोष्टींवर उभे असले पाहिजे, निव्वळ तर्कावर नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. बोटीवर दुसरे खलाशी होते. त्यांना काय दिसले, कठड्याची अवस्था कशी होती, त्या वेळी त्याला कामावर बोलाविले होते काय, ह्यातले थोडे जरी शाबीत झाले असते तर कदाचित निकाल निराळा लागता, असे आमचे मत आहे.

आणि आता अगदी अलीकडचे. २२ एप्रिल २००३ रोजी आपल्या महाराष्ट्रातील, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी, म्हणजे तेथील दिवाणी न्यायाधीशांनी, कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. घरून कामावर आणि कामावरून घरी जातानाचा अपघात, वेळ-स्थळ-परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातलाच धरावा असे ठरले. बावीस वर्षे! पोरबंदरच्या होडीपासून मोजली तर त्र्याहत्तर. पहाटे तीनची पाळी होती आणि तो त्याच वाटेवर होता, एवढ्याशा साध्या गोष्टींवर तो निकाल तगला.

आमच्या शेजाऱ्याचा अपघात तर आवारातच झाला होता. त्याला ह्या वादाची गरज नसावी, असे आम्हांस वाटले. पण दवाखान्याचा पहिला कागद वाचला आणि आम्ही गप्प झालो. त्यात इजेचे कारण म्हणून 'घरी दारात हात सापडून' असे लिहिले होते. त्याला शुद्ध नव्हती. जो माणूस त्याला घेऊन गेला त्याने डॉक्टरांना तसे सांगितले होते. दार होते हे खरेच, फक्त घराचे नव्हते. दवाखान्यात पहिल्या घटकेला जे लिहिले जाते ते पुढे दगडावरची रेघ होऊन बसते. शुद्धीवर येताच, किंवा घरच्यांनी त्याच दिवशी, ते वाचून घ्यावे आणि चुकीचे असेल तर डॉक्टरांकडे लेखी दुरुस्ती मागावी. आमच्या शेजाऱ्याच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. आता साक्षीदारानेच ती रेघ पुसायची होती.

तिसरा प्रश्न रकमेचा. कायद्याबरोबर एक कोष्टक असते. त्यात शरीराचे एकेक अवयव आणि त्यापुढे टक्के. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते खाटकाच्या दुकानातील फळ्यासारखे भासते. अंगठा मुळापासून गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका वा करंगळी ७. एक डोळा गेला आणि दुसरा धड असेल तर ४०. हिशेब असा की महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के घ्यायचे, वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणायचे, आणि त्यावर अवयवाचे टक्के काढायचे. पस्तीस वर्षे वयाला तो अंक १९७.०६ आहे. पगार कितीही असो, हिशेबाला ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. आमच्या शेजाऱ्याला हातात १८,००० मिळत. पण ठेकेदाराच्या पत्रकावर ११,००० होते, बाकीचे रोख. पंधरा हजार धरले तर अंगठ्याचे ५,३२,०६२ रुपये होतात. अकरा हजार धरले तर ३,९०,१७९. म्हणजे रोख मिळणाऱ्या पैशांची नोंद नसल्याने एक लाख बेचाळीस हजारांचा फरक पडतो! त्याच्या बायकोने वाण्याच्या उधारीच्या वहीमागे दर महिन्याला 'पगार आला' म्हणून आकडे टिपले होते. ती वही आम्ही पिशवीत घातली. न्यायालय तिला किती किंमत देईल हे सांगता येत नाही, पण हिशेबी बाईच्या हातची ती नोंद आम्हांस पगारपत्रकापेक्षा खरी वाटली.

कोष्टक हा शेवटचा शब्द नव्हे, हेही १९७५ साली ठरून गेले आहे. ओरिसातील एका सिनेमागृहात काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, हात एकच गेला, म्हणजे अपंगत्व अर्धवट. आयुक्तांनी सरळ विचार केला की एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून त्याचे मिळवतेपण पूर्ण गेले. सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्याच निकालात असेही सांगितले की भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, आयुक्तांच्या हुकुमाच्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे तयारीत डॉक्टरांचा दाखला घेताना 'हात इतके टक्के अधू' एवढ्यावर थांबू नये. हा माणूस करीत होता ते काम आता त्याला जमेल काय, ह्याविषयी डॉक्टरांचे मत मागावे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनाच साक्षीला बोलवावे. अंगठ्याशिवाय कंटेनरची साखळी आवळता येते का, हे डॉक्टरला आपण सांगितल्याशिवाय कसे कळणार?

उरली नोटीस. अपघात झाला की मालकाला लवकरात लवकर लेखी कळवायचे. त्या नोटिशीत काय असावे ह्याविषयी १९२३ च्या कायद्याने घातलेली अट आम्हांस फार आवडते. जखमी माणसाचे नाव-पत्ता, अपघाताची तारीख, आणि इजेचे कारण साध्या बोलीत. साध्या बोलीत! कायद्याने आयुष्यात एकदाच असे म्हटले असेल. वकिली भाषा नको, इंग्रजी नको. 'अमक्या तारखेला दुसऱ्या पाळीत कंटेनरचे दार लावताना अंगठा सापडला' एवढे पुरे. टपालाने पाठवून पोच जपावी. अपघात मालकाला ठाऊकच होता असे दाखविता आले तर नोटीस नसल्याने दावा पडत नाही. पण ठाऊक होता हे दाखविण्यापेक्षा नोटीस सोपी. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्जही आयुक्तांनी आपल्या देखरेखीखाली लिहवून द्यावा अशी सोय होती, आणि वकील नसला तर नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याला त्याच्या वतीने उभे राहता येत असे. न. म. जोशांच्या पिढीने ह्या सोयींचा पुरेपूर उपयोग केला. आज संघटनेचा माणूस सोबत घेऊन जाणारा कामगार विरळा.

नोटिशीआधी बहुधा दुसराच कागद पुढे येतो. दवाखान्यात पाच-दहा हजार हातावर ठेवायचे आणि कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. उजवा नसला तर डावा. १८८४ साली सुपारीबागेत अंगठा उठविणाऱ्याने हक्क मागितला होता. येथे अंगठा उठविणारा तो सोडून देतो. पण कायद्यापुढे असा कागद टिकत नाही. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे. तडजोड झालीच तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी किंवा फसवून ठरविलेली दिसली तर ते नोंद नाकारू शकतात. मृत्यूच्या दाव्यात पैसे आयुक्तांकडेच भरावे लागतात, परस्पर दिलेले भरपाईत धरत नाहीत. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी नव्हे, मालक स्वतः भरतो.

१९२३ च्या कायद्याचे नाव २०१० मध्ये बदलले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. आयुक्त जाऊन सक्षम प्राधिकारी आले, वाटेवरचा अपघात संहितेतच लिहिला गेला, पण सिद्ध करायच्या गोष्टी त्याच राहिल्या. आमच्या शेजाऱ्याचा अपघात त्याआधीचा, म्हणून त्याचा दावा जुन्याच वाटेने चालला आहे.

पिशवी लागली, तारीखवार दोरा बांधला. साक्षीदार तेवढा राहिला. दांडा ओढणारा सोबती अजून त्याच ठेकेदाराकडे होता. आम्ही त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "मास्तर, खरं ते सांगीन. पण त्या दिवसाचा माझा खाडा, आणि दुसऱ्या दिवशी मला गेटवर घेतलं नाही तर?" त्याला देण्याजोगे उत्तर आमच्याकडे नव्हते. तारखेच्या दिवशी सकाळी आम्ही एसटीच्या थांब्यावर उभे होतो, तर तो आधीच येऊन बसला होता; खिशात त्या पाळीचा स्वतःचा गेटपास घेऊन.

विरुद्ध बाजूच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढची तारीख सहा आठवड्यांची मिळाली, आणि त्या तारखेलाही तो आला.